लांबची आखणी स्वस्त कशी?

प्रश्न : आमच्या भागातून नव्या महामार्गाचे सर्वेक्षण चालू आहे. संगणकाने सर्वांत कमी खर्चाची आखणी काढली आहे, असे सांगतात; पण ती डोंगराला वळसा घालून चार किलोमीटर लांबून जाते. लांबचा रस्ता स्वस्त कसा, आणि अशी आखणी बदलता येते का? — एक वाचक, पाटण

उत्तर : रस्त्याचा खर्च केवळ लांबीवर नव्हे, तर वाटेतल्या जमिनीवरही ठरतो. त्यासाठी संगणकाला प्रथम जमिनीच्या उंचीचा अंकीय नकाशा द्यावा लागतो. ही कल्पना अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठातील मिलर आणि लाफ्लाम यांनी १९५८ साली मांडली, तीही महामार्गांच्या कामातूनच. नकाशावर, समजा, तीस-तीस मीटरचे चौकोन पाडले आणि मुरमाड माळाच्या चौकोनाला १, तर कातळ फोडाव्या लागणाऱ्या चौकोनाला ६ असा भाव लावला. सरळ वाटेवरच्या दहा चौकोनांपैकी चार कातळाचे निघाले, तर बेरीज ३० होते. सोळा चौकोनांचा माळावरचा वळसा १६ मध्येच भागतो. लक्षावधी चौकोनांतून अशी कमीत कमी बेरजेची वाट शोधण्याची रीत डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केली आणि ती आजही वापरात आहे.

अर्थात ही वाट म्हणजे रस्ता नव्हे. डोंगराळ भागात सर्वसाधारणपणे वीस मीटरला एक मीटर एवढाच चढ धरतात, त्यामुळे खोपोली ते लोणावळा हा सुमारे साडेपाचशे मीटरचा चढ चढायला किमान अकरा किलोमीटर रस्ता लागतो, मग सरळ अंतर कितीही कमी असो. शिवाय वळणाची त्रिज्या वेगाला साजेशी हवी, आणि कापलेला मुरूम जवळच्याच भरावात जिरायला हवा. नाहीतर तो डंपरने वाहून नेण्यातच पैसा जातो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आखणी बदलता येते, कारण संगणक फक्त बेरीज करतो. भाव माणसे लावतात. केवळ बांधकामाचा खर्च धरला तर बहुधा वळसाच जिंकतो, पण पुढील तीस वर्षांत वाहनांना लागणारे इंधन आणि प्रवाशांचा वेळ हिशेबात घेतला, तर बोगदाही परवडू शकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील १३.३ किलोमीटरच्या ‘मिसिंग लिंक’मध्ये जवळजवळ नऊ किलोमीटरचा एक बोगदा आहे, आणि त्याने वाचणारे अंतर सुमारे सहा किलोमीटर. निव्वळ बांधकामाच्या बेरजेत असे काम बसवणे अवघडच.

म्हणून प्रकल्प अहवाल मागताना नकाशावर थांबू नका, भावांचा तक्ताही मागा. वाहनखर्च किती वर्षांचा धरला आहे, हे त्यात पाहा. आणि विशेषतः देवराई, पाणवठा, गायरान यांच्यासमोर कोणता आकडा आहे, तेही पाहा. तेथे मोबदला द्यावा लागत नाही म्हणून कोणी शून्य लिहिले असेल, तर संगणकाच्या लेखी गावातली सर्वांत स्वस्त जमीन देवराईचीच ठरते आणि आखणी नेमकी तिच्यातून जाते.