ऑइल दिसतं खाली, गळतं वर

जुन्या डिझेल गाड्यांबद्दल येणाऱ्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच वळणाचे असतात: ऑइल गळतंय, कोणतं सील बदलू? गळती कुठून आहे याचा पत्ता नसतो, पण काय बदलायचं ते मात्र शेजाऱ्याने सांगितलेलं असतं. म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न एकत्र घेतले आहेत. सोबत फोटो पाठवणाऱ्यांना आधीच सांगतो, तेलकट इंजिनाच्या फोटोवरून गळतीची जागा कोणीही सांगू शकत नाही. जो सांगतो तो अंदाज विकतोय.

प्रश्न: सकाळी गाडीखाली डाग दिसतो. हे इंजिन ऑइलच आहे हे कसं ओळखायचं?

रात्री गाडीखाली मोठा कोरा पुठ्ठा पसरा आणि पुढची चाकं कुठे होती त्याच्या खुणा करून ठेवा. सकाळी थेंब नेमका कुठे पडला आणि कोणत्या रंगाचा आहे, दोन्ही कळतं. डिझेल इंजिनाचं ऑइल काजळीमुळे थोड्याच दिवसांत काळं होतं. डिझेल पातळ असतं आणि वासावरून लगेच ओळखू येतं. गिअर ऑइल दाट, त्याला गंधकासारखा उग्र वास. कूलंट रंगीत आणि पाण्यासारखं, तर स्टिअरिंगचं ऑइल बऱ्याच गाड्यांत तांबडं असतं. एसीचं पाणी म्हणजे नुसतं पाणी, त्यासाठी कोणाला पत्र लिहू नका. फिकट, बुळबुळीत द्रव चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलच्या रेषेत दिसला, तर तो ब्रेक ऑइल असू शकतो. मग गाडी हलवू नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा.

प्रश्न: मेकॅनिकने खालून पाहून चेंबरचं (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचं) पॅकिंग गेलं असं सांगितलं. बदललं, तरी गळती तशीच आहे. पॅकिंग हलकं निघालं का?

पॅकिंगला दोष देऊ नका. ही आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत आहे. ऑइल वरून खाली ओघळतं, पंख्याच्या आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे पसरतं आणि सर्वांत खालच्या कडेला येऊन ठिपकतं. ती कडा चेंबरची असते, म्हणून आळ चेंबरवर येतो.

शोधायची रीत जुनी आणि साधी आहे, फक्त तिला वेळ लागतो. इंजिन पूर्ण थंड असताना डीग्रीझर मारून ते धुऊन घ्यायचं. त्याआधी अल्टरनेटर, सेन्सरचे सॉकेट आणि हवेचं तोंड नीट झाकायचं. मग कोरडं करायचं, संशयाच्या जागांवर पावडरचा हलका थर मारायचा आणि गाडी थोडी चालवून आणायची. त्यानंतर सर्वांत वरचा ओला ठिपका कुठे आहे तो शोधायचा. सर्वांत वरचा, सर्वांत मोठा नव्हे. टॅपेट कव्हरची (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाची) मागची बाजू, व्हॅक्यूम पंपाचा जोड, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरचं हाउसिंग आणि ऑइल कूलरची सील, टर्बोला (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याला) जाणारी आणि टर्बोकडून परत येणारी नळी, डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीची रिंग, या क्रमाने वरून खाली या. गळती फारच बारीक असेल तर ऑइलमध्ये डाय टाकून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघतात. चांगल्या गॅरेजकडे ही सोय असते. नसेल, तर निदान धुऊन बघायला तयार असलेलं गॅरेज निवडा. खाली वाकून अर्ध्या मिनिटात निदान करणाऱ्याकडून उठा.

घरी बघणाऱ्यांनी गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली मुळीच जाऊ नये. सुरू इंजिनात हात घालू नये. आणि इंजेक्टरच्या पाइपापाशी ओलावा दिसला तर बोटाने चाचपू नये. कॉमन रेल इंजिनात (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) दाब 1000 बारच्या वर जाऊ शकतो आणि त्या दाबाने सुटलेली डिझेलची सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. जखम टिकलीएवढी दिसते, पण ती तातडीने रुग्णालय गाठण्यासारखी असते.

प्रश्न: ऑइल बदलून आणल्यापासून ठिपकतंय. आधी काही नव्हतं.

ड्रेन प्लगचा वॉशर जुनाच लावलाय किंवा जुन्या फिल्टरची रबर रिंग चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवलाय. आजच परत न्या. दुसरं कारण असेल तर ही रिंग दाबाखाली निसटून सगळं ऑइल बाहेर फेकू शकते. प्लग स्वतः आणखी आवळू नका, ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात.

प्रश्न: इंजिन बाहेरून तेलकट दिसतं, पण खाली थेंब नाही आणि डिपस्टिकवर पातळीही उतरत नाही. काम काढावं का?

नाही. जुनं इंजिन थोडं घाम सोडतंच. पातळी दर आठवड्याला, सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी बघा आणि लिहून ठेवा. मात्र तो ओलावा टायमिंग बेल्टच्या कव्हरपाशी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर किंवा अल्टरनेटरवर उतरत असेल, तर दाखवून घ्या. तापलेल्या एक्झॉस्टवर पडणारं ऑइल धूर करतं आणि वाईट दिवशी पेटही घेतं.

प्रश्न: क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं सील दोनदा बदललं, टॅपेट कव्हरचं पॅकिंग एकदा. दर वेळी काही महिने बरे जातात आणि मग पुन्हा गळती, कधीकधी नव्याच जागेहून. आता मेकॅनिक मागचं सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचं म्हणतोय. उतरवू का?

थांबा. अजून कोणीही एक साधी गोष्ट तपासलेली नाही, आणि ती न तपासता सील बदलत राहणं हा या धंद्यातला सर्वांत महागडा आळस आहे.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा वायू त्यांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या पोटात, उतरतोच. त्याला गॅरेजमध्ये ब्लो-बाय म्हणतात. डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त, त्यामुळे हा वायूही इथे दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदर दिलेला असतो: टॅपेट कव्हरमधून निघणारी नळी, वाटेत ऑइल वेगळं करणारा कप्पा, काही इंजिनांत पडद्याचा व्हॉल्व, आणि शेवटी हवा आत घेणाऱ्या पाइपला जोड. वर्षानुवर्षं छोट्या छोट्या फेऱ्या मारलेल्या गाडीत हा मार्ग चिकट काळ्या गाळाने भरतो. मग आतला दाब जाणार कुठे? शिट्टी तुंबलेल्या कुकरसारखी वाफ कडेने वाट काढते, आणि इंजिनात ती कड म्हणजे सगळ्यांत कमजोर सील. तुम्ही ते सील बदललंत की पुढचं कमजोर सील गळायला लागतं. तुमची ‘नवी जागा’ ती हीच.

म्हणून आधी ब्रीदरची नळी काढून आतून साफ आहे का बघायला सांगा. रबर आतल्या आत मऊ पडून चिकटलेलं असतं, बाहेरून ते कळत नाही. पडद्याचा व्हॉल्व असेल तर पडदा फाटलाय का तेही बघायचं. मग डिपस्टिकच्या नळीला मॅनोमीटर लावून क्रँककेसचा दाब मोजायचा आणि त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहायचा. ऑइल भरायचं झाकण काढून हात धरून बघणारे बरेच आहेत. त्यातून ढोबळ कल्पना येते, निदान होत नाही. निरोगी डिझेलही तिथून थोडी फुंकर मारतं आणि काही इंजिनं तोंडावर ऑइल उडवतात.

ब्रीदर साफ असून दाब जास्त निघाला, तर दोष वायू जिथून येतो तिथे आहे. रिंगा झिजल्या असतील. त्यासाठी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती आणि कुठून निसटते ते बघण्याची) चाचणी करा. पेट्रोलच्या गाडीचं गेज इथे चालत नाही, कारण चांगल्या डिझेल इंजिनात आकडा साधारण 25 ते 30 बारपर्यंत जातो. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. पण रिंगांवर जाण्याआधी आणखी दोन जागा बघा, ज्या बहुतेकांच्या ध्यानातच येत नाहीत. डिझेलमध्ये ब्रेक बूस्टरसाठी (ब्रेकवरच्या पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यासाठी) वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि तो ओढलेली हवा सहसा क्रँककेसमध्येच सोडतो. बूस्टरच्या नळीला भेग असेल तर हा पंप सतत बाहेरची हवा ओढून इंजिनाच्या पोटात भरतो. ब्रेक पेडल जड लागत असेल तर हा संशय आणखी बळकट, आणि मग ऑइलचं काम बाजूला ठेवून आधी ब्रेक. दुसरी जागा टर्बो. शाफ्टच्या रिंगा झिजल्या की बूस्टची (टर्बोने दाबलेली) हवा ऑइल परतीच्या नळीतून खाली क्रँककेसमध्ये उतरते.

आता गिअरबॉक्स. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल ठिपकलं की लगेच मागचं सील, असा समज पक्का बसलाय. बऱ्याच इंजिनांत व्हॅक्यूम पंप कॅमच्या (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाला, म्हणजे बरोबर त्या सांध्याच्या वर असतो. त्याची साधी रिंग गेली की ऑइल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत थेट तिथेच येतं. टॅपेट कव्हरचा मागचा कोपराही तेच करतो. शिवाय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं तरी थेंब तिथूनच पडतो, फक्त त्याला गिअर ऑइलचा वास असतो. वरची बाजू धुऊन, कोरडी करून, ती कोरडीच राहते हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय गिअरबॉक्स खाली घ्यायला परवानगी देऊ नका. खरंच मागचंच सील निघालं तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी तपासून घ्या, तो खर्च वाया जात नाही. आणि दाबाचा आकडा लिहून मागा. मोजलाच नसेल तर दुसऱ्या गॅरेजचं मत घ्या.

प्रश्न: गळती थांबवणारं औषध ऑइलमध्ये टाकलं तर? आणि जाड ऑइल? सिंथेटिकमुळे जुनी गाडी गळायला लागते असंही ऐकलंय.

तीन प्रश्न, तिन्ही ऐकीव.

बाटलीतलं औषध कडक झालेलं रबर थोडं फुगवतं. फाटलेलं सील, वाकलेलं कव्हर किंवा तुंबलेला ब्रीदर त्याने सुधारत नाही. काही दिवस थेंब थांबतो आणि गाडी विकणाऱ्याला तेवढेच दिवस पुरतात. जुनी गाडी घेताना इंजिन नुकतंच चकचकीत धुतलेलं दिसलं तर म्हणूनच जास्त चौकशी करावी.

जाड ऑइल थंडीत उशिरा पोहोचतं, आणि उशीर सगळ्यात आधी टर्बोला महागात पडतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडच्या आतच राहा. सिंथेटिक सील खात नाही. सुरुवातीच्या काळातल्या काही सिंथेटिक ऑइलनी रबर आक्रसायचं, ती कीर्ती अजून फिरतेय. आजचं ऑइल फार तर जुना गाळ धुऊन काढतं आणि त्याच्यामागे दडलेलं मेलेलं सील उघडं पाडतं.

यातच एक चौथी गोष्ट जोडतो. पॅकिंगऐवजी सिलिकॉनची ट्यूब पिळणाऱ्यांना आवरा. आतल्या बाजूला आलेला जादा सिलिकॉन तुटून चेंबरमधल्या गाळणीवर बसतो, आणि मग ऑइल गळत नाही कारण ते वर पोहोचतच नाही. निर्मात्याने जिथे सिलिकॉन सांगितलंय तिथेच, सांगितलंय तेवढंच.

प्रश्न: इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपमध्ये ऑइल दिसलं. टर्बो गेला म्हणाले.

पाइपच्या आत ऑइलचा पातळ थर असणं नेहमीचं आहे, ब्रीदरची वाफ तिथूनच जाते. पाइप उलटा केल्यावर धार लागत असेल, निळा धूर असेल किंवा टर्बोचा शाफ्ट पुढे-मागे हलत असेल तर गोष्ट वेगळी. आडवी किंचित हालचाल चालते. टर्बो बदलायला हो म्हणण्याआधी एअर फिल्टर, ब्रीदर आणि टर्बोकडून परत येणारी नळी तपासा. ती नळी तुंबली की चांगला टर्बोही ऑइल ओकतो. नवा बसवाल, तोही ओकेल.

प्रश्न: टायमिंग बेल्टवर ऑइल आलंय. बेल्टची मुदत अजून बाकी आहे.

ऑइल लागलं तिथे मुदत संपली. गळणारं सील आणि बेल्ट एकत्र बदला, तोवर गाडी चालवू नका. बेल्ट तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आपटतात.

प्रश्न: गळती आहे, तरी डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. मग काळजी नाही ना?

सर्वांत जास्त काळजी तुमचीच आहे. इंजिन सुरू करू नका. बाहेर जाणाऱ्या ऑइलपेक्षा आत येणारं काहीतरी जास्त आहे. बहुधा ते डिझेल असतं: गळका इंजेक्टर, फीड पंपाचा फाटलेला पडदा, किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत त्या फिल्टरची अर्धवट राहिलेली सफाई. डिपस्टिकला डिझेलचा वास येतो का बघा. ऑइल दुधाळ असेल तर ते पाणी. दोन्हीत बेअरिंगना आधार उरत नाही.

याहून मोठी भीती म्हणजे वाढलेलं ऑइल ब्रीदरमधून हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये जातं आणि इंजिन स्वतःच्या ऑइलवर धावू लागतं. मग चावी फिरवून ते बंद होत नाही, आवाज चढतच जातो. मॅन्युअल गाडी असेल तर वरचा गिअर, पायाचा आणि हाताचा ब्रेक घट्ट, आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद पाडायचं. ते जमलं नाही किंवा गाडी ऑटोमॅटिक असेल, तर उतरून सगळ्यांना दूर न्या. हवेच्या पाइपावर हात ठेवू नका. गाडी टोइंगने गॅरेजला न्या आणि ऑइल काढल्यावर त्याचा नमुना फेकू देऊ नका.

प्रश्न: चालवताना ऑइलचा लाल दिवा लागला. पुढचं गॅरेज 5 किलोमीटरवर होतं, गेलो तर चाललं असतं का?

नाही. तो दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे. बाजूला घ्या, इंजिन बंद, आणि टोइंगला फोन.