‘पिक अप’चे इतके अर्थ लक्षात ठेवायचे तरी कसे?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. गाईडमध्ये ‘पिक अप’चे दहा-पंधरा अर्थ दिलेत ते पाठ करायचे का, आणि ‘पिक यू अप’ बरोबर की ‘पिक अप यू’?

पाठ करू नका. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. यादी घोकलेलं पोर गाळलेल्या जागा बरोबर भरतं, पण समोरून कुणी इंग्रजीत बोलायला लागलं की गप्प. त्यापेक्षा आपलं ‘उचलणे’ हाताशी धरा. निम्म्याहून जास्त अर्थ त्यातच बसतात.

जमिनीवरची पिशवी उचलली, ‘शी पिक्ड अप द बॅग’. फोन उचलला, ‘ही पिक्ड अप द फोन’. लग्नाच्या जेवणाचा खर्च मामांनी उचलला, ‘माय अंकल पिक्ड अप द बिल’. पोलिसांनी दोघांना उचललं, ‘द पोलीस पिक्ड अप टू मेन’. यात गंमत अशी की ‘उचललं’ म्हटल्यावर रीतसर अटक झाली की नुसतं चौकशीला नेलं, हे मराठीत कळत नाही आणि इंग्रजीतही कळत नाही. दोन्हीकडे तो बोलण्यातला शब्द आहे. अर्जात किंवा बातमीत लिहायचं असेल तर ‘अरेस्टेड’ की ‘डिटेन्ड’ ते नीट ठरवून लिहा.

आता आपल्या भागाला सगळ्यात जवळचा अर्थ. बेळगावातल्या मराठी घरातलं पोर कन्नड शिकतं कुठं? शाळेत बाई फळ्यावर अक्षरं काढून शिकवतात ते ‘लर्न’. रविवार पेठेत हमालांशी, बसमध्ये कंडक्टरशी, गल्लीत क्रिकेट खेळताना जे आपसूक तोंडात बसतं ते ‘पिक अप’. एकाच वाक्यात दोन्ही घालून बघा: ‘आय लर्न्ट द लेटर्स ॲट स्कूल, बट आय पिक्ड अप द लँग्वेज इन द मार्केट.’ म्हणजे कुणी मुद्दाम न शिकवता, कानावर पडून आलेलं. म्हणून महिनाभर क्लास लावून शिकलेल्या टॅलीला ‘पिक अप’ म्हणू नका, ते कानाला खटकतं. शिव्या मात्र माणूस कायम ‘पिक अप’च करतो, त्यांचा क्लास नसतो. आमची पोरं पुण्याला कॉलेजात गेली की ‘येऊलोय, जेवूलोय’ म्हणायला लाजतात, आणि सहा महिन्यांत हॉस्टेलवरची सोलापूर-नगरची पोरंच ‘जेवूलोय’ म्हणायला लागतात. त्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद.

‘नकळत आलं’ हा धागा धरला की सर्दीही सुटते. मराठीत सर्दी आपण उचलत नाही, ती होते. इंग्रजीत ‘आय पिक्ड अप अ कोल्ड’ चालतं, कारण तीही अशीच कुठूनतरी येऊन चिकटते. सवयीचं तसंच.

दुसरा गट कर्म नसलेल्या वाक्यांचा. चतुर्थी जवळ आली की गणपत गल्लीतला धंदा उचल खातो, ‘बिझनेस पिक्स अप बिफोर द फेस्टिव्हल’. वारा वाढला, ‘द विंड पिक्ड अप’. इथे कुणी काही उचलत नाही, ते आपोआप वर जातं. गाडीचं मात्र जपून. ‘या बाइकला पिकअप नाही’ हे आपण मेकॅनिकला सांगतो ते अमेरिकनाला कळेल, पण इंग्लंडच्या माणसाला आधी मागे उघडा हौदा असलेली गाडीच आठवेल.

माणसांना आणायला जाण्याच्या बाबतीत ‘उचलणे’ उपयोगाचं नाही. सांबऱ्याला विमानतळावर पाहुण्यांना ‘घ्यायला’ जातात, ‘उचलायला’ गेलं तर भांडण व्हायचं. इंग्रजीत मात्र तेच: ‘आय विल पिक यू अप ॲट एट.’ आणि इथलं ‘अप’ गाळू नका. आपल्याकडे सर्रास ‘आय विल पिक यू’, ‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल’ म्हणतात. आपसात भागतं, बेंगळुरूच्या ऑफिसातही भागतं. पण नुसत्या ‘पिक’चा अर्थ निवडणे किंवा तोडणे, वेचणे. बाहेरच्या माणसाला ‘मी तुला आठ वाजता निवडेन’ असं काहीतरी ऐकू येतं. फोनबद्दल बोलताना ‘कॉल’ हा शब्दही नको, ‘ही इजन्ट पिकिंग अप’ एवढं पुरे. एक सावधगिरी: ‘स्टेशनवरून तिला पिक अप केलं’ यात वावगं काही नाही, पण ‘पार्टीत एक मुलगी पिक अप केली’ याचा अर्थ ओळख नसताना तिला पटवली. मुलाखतीत वगैरे हे वाक्य येऊ देऊ नका.

आता शब्दांचा क्रम. ‘पिक यू अप’च बरोबर. मी, तू, तो, ते अशी सर्वनामं नेहमी मधे बसतात: ‘पिक इट अप’, ‘पिक देम अप’. ‘पिक अप इट’ कधीच नाही. नाम असेल तर ‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’ दोन्ही चालतं. नाम लांबलचक असेल तर ते शेवटी टाका, नाहीतर ‘अप’ येईपर्यंत ऐकणारा ताटकळतो. बोलताना क्रियापदात जोर ‘अप’वर येतो, आणि गाडी या अर्थाच्या नामात ‘पिक’वर. हा फरक कुणी शिकवत नाही, पण कानाला लगेच कळतो.

‘पिक अप’सारख्या, क्रियापद आणि ‘अप’सारखा छोटा शब्द मिळून होणाऱ्या जोडीला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. या नावाला घाबरू नका. लोक शतकानुशतकं असं बोलत होते. हे नाव छापात रूढ झालं ते १९२५ मध्ये, लेखक लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या लिखाणातून. ते सुचवलं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी, असं स्मिथ यांनीच सांगून ठेवलंय.

उलट्या बाजूनंही सांभाळा, मराठीतलं प्रत्येक ‘उचलणे’ म्हणजे ‘पिक अप’ नव्हे. पाऊल उचललं म्हणजे ‘टुक अ स्टेप’. जबाबदारी उचलली, ‘टुक ऑन द रिस्पॉन्सिबिलिटी’. कुणी बायकोवर हात उचलला तर ‘हिट हर’ असं सरळ लिहा. आणि निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या मुलांसाठी खास: कारखान्यानं जाहीर केलेली उसाची पहिली उचल म्हणजे ‘फर्स्ट इन्स्टॉलमेंट’, तोडणीच्या टोळीनं मुकादमाकडून घेतलेली उचल म्हणजे ‘ॲडव्हान्स’. निबंधात दोन्ही ठिकाणी ‘पिक अप’ लिहिलेलं मी तपासलंय. तपासणाऱ्याला वाटतं, कारखान्यानं ट्रॅक्टर पाठवला.