इंद्याल गरम करायला कुणीही उठू शकतं

वसईहून आलेलं एक पत्र, थोडं आवरून:

"ताई, मी ४६ वर्षांची, शाळेत शिकवते. माहेर नगरचं, प्रॉटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. वाडीतल्या जुन्या घरात आम्ही चौघं राहतो. सासूबाई ३ वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून नाताळला सगळे आमच्याकडेच उतरतात. दोन्ही नणंदांची कुटुंबं, त्यातल्या थोरल्या दुबईहून, शिवाय दीर-जाऊ, चुलत सासरे, पोरंबाळं. आम्हाला धरून २१ माणसं, ६ रात्री, २ बाथरूम, पाणी एक दिवसाआड. कुणी मला विचारलं नाही, मीही कधी नाही म्हटलं नाही. खर्च सगळा आमचा. गेल्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेतून (चर्चमधल्या उपासनेतून) प्रवचन संपताच मी उठून घरी आले, कारण सगळे परतायच्या आत इंद्याल, म्हणजे शिरक्यात (व्हिनेगरमध्ये) मुरवलेल्या मांसाचं कालवण, गरम व्हायला हवं होतं. ताटात मैद्याचे तळलेले फुगे वाढताना थोरल्या नणंद म्हणाल्या, 'आईच्या हातचे फुगे असे नसायचे.' मी बाथरूमचं दार लावून रडले. जाऊबाई मदत करते म्हणतात, पण तिला आमच्या घरची पद्धत ठाऊक नाही, म्हणून मीच नको म्हणते. नगरला माझी ७६ वर्षांची आई एकटी असते. लग्नाला २० वर्षं झाली, एकही नाताळ तिच्यासोबत नाही. यंदा 'आपण नगरला जाऊ' म्हटलं, तर हे दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. मी वाईट सून आहे का?"

नाही. तुम्ही वाईट सून नाही. हे आधी लिहून टाकते, कारण हे ऐकल्याशिवाय पुढचं काही तुमच्या मनात शिरणार नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मिस्सेतून उठलात त्या वाक्यापाशी थांबले. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार वाट पाहायची, घर झाडायचं, गोठा मांडायचा, तारा लावायचा, आणि ज्या रात्रीसाठी हे सगळं, त्या रात्री कम्युनियनच्या, म्हणजे प्रभूभोजनाच्याही आधी बाकावरून उठून अंधारात एकटीनं घरी यायचं. तुम्ही नगरच्या उपासनेत वाढलात, लग्नानंतर ही मिस्सा आपली केलीत. ती अर्ध्यावर सोडून आलात ते एका पातेल्याखाली गॅस लावायला. २१ माणसांतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही की तुमची जागा रिकामी आहे. मला वाटतं, तुमचं दुःख पाहुण्यांच्या संख्येचं नाहीच, या रिकाम्या जागेचं आहे. म्हणून यंदा बाकी काही जमो न जमो, मिस्सा शेवटपर्यंत ऐकायची. त्याभोवती बाकीचं बसवू.

आता थोरल्या नणंदेचं वाक्य. ते तुम्हाला लागलं आणि लागणारच. दिवसभर तळणीपुढे उभं राहिल्यावर असं ऐकणं फार वाईट. पण त्यात 'आई' हा शब्द आहे, तो मला सोडवत नाही. आई गेली तेव्हा त्या दुबईत. वर्षातून एकदा या घरात येतात, आईचं स्वयंपाकघर, आईच्याच कढया, आणि आई नाही. ते त्यांना बोलून दाखवता येत नाही, मग तक्रार फुग्यांवर निघते. त्यांचं बोलणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. ते तुमच्यावर रोखलेलं नसावं, एवढंच.

आणि फुगे खरंच वेगळे लागत असतील, तर त्याचं कारण तुमचा हात नसेलही. जुन्या बायका पीठ फुगवायला ताडी घालायच्या, आता आपण यीस्ट घालतो. मैदा, अंडी, नारळाचं दूध सगळं तेच असलं तरी ताडीची ती किंचित आंबूस चव यीस्टला येत नाही. सासूबाई काय घालायच्या ते नणंदेला विचारा. खरं तर विचारूच नका, पीठच त्यांच्या पुढ्यात ठेवा. ते सैल, चिकट पीठ मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून वर दाबायचं, लिंबाएवढा गोळा वर आला की बोटानं तोडून तेलात सोडायचा, मग तो आपसूक गरगरत लाल होतो. हे त्यांनी लहानपणी आईच्या कमरेशी उभं राहून पाहिलेलं आहे. त्यांच्या हाताला ते आठवेल. पहिला घाणा बिघडला तरी बिघडू दे. फुगे यंदा नणंदेचे. तुम्ही कढईपाशीही जायचं नाही.

इथं मला तुम्हालाच एक सांगायचंय, रागावू नका. जाऊबाई मदत करते म्हणते आणि तुम्ही तिला नको म्हणता. का? तिला पद्धत ठाऊक नाही म्हणून. २० वर्षांपूर्वी तुम्हाला तरी कुठे ठाऊक होती? नगरच्या घरात नाताळ म्हणजे शेव, चिवडा, करंज्या, लाडू. इंद्यालमध्ये शिरका किती घालायचा हे तुम्हाला सासूबाईंनीच शिकवलं असणार. त्यांनी तुम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलं. तुम्ही धाकटीला बाहेर ठेवलंत. मला कळतं, बाहेरून आलेल्या मुलीनं मेहनतीनं मिळवलेलं स्वयंपाकघर हातून सोडवत नाही, कोणी 'तिला जमलं नाही' म्हणेल ही भीती असते. पण तुम्ही नको म्हणालात की ती ओटीवर जाऊन बसते, आणि मग बघणाऱ्याला वाटतं की थोरली एकटी राबते आणि धाकटी नुसती बसते. दोघींवर अन्याय.

मी स्वतः कित्येक वर्षं गणपतीला माहेरवाशीण म्हणून कोकणातल्या घरी गेले आणि वहिनीच्या हातचं पोटभर खाऊन आले. मला ती कधी दमलेली दिसलीच नाही. एका वर्षी तिचा पाय मुरगळला, म्हणून मी पहाटे चुलीपाशी गेले. तिसऱ्या चहाच्या वेळी माझ्या ध्यानात आलं की सगळ्यांना तीन-तीनदा दिला आणि माझा स्वतःचा पहिलाच कप कट्ट्यावर गार झालाय. वहिनी पाटावर बसून म्हणाली, "माझा रोजचा असाच असतो." त्यानंतर आमच्याकडे पाळी ठरली. ज्या भावाची पाळी, त्याचा त्या वर्षीचा खर्च आणि धावपळ, बाकीचे हाताखाली. वहीत लिहून ठेवतात. कोकणात कितीतरी घरांत गणपतीला असं चालतं आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तुमच्या घराला अशी वही हवी आहे. घर मोठं म्हणून जमायचं वसईलाच, हे राहू दे. पण यंदा कुणाची पाळी हे लिहिलेलं असू दे.

यजमानांचं मात्र मला पटलेलं नाही. बायकोनं २० वर्षांत एकदा माहेरचं नाव काढावं आणि नवऱ्यानं दोन दिवस तोंड मिटून बसावं, हे योग्य नव्हे. पण माझा अंदाज असा की तुमचं 'नगरला जाऊ' त्यांना 'घर बंद ठेवू' असं ऐकू आलं. आई गेल्यावर भावंडं ज्या दारात येतात ते दार आपल्या हातून बंद होईल, याला ते घाबरले असावेत. तेव्हा त्यांना असं सांगा: "दार उघडंच राहील. पण ते मी एकटीनं उघडं ठेवणार नाही. तुमची बहीण, तुमचा भाऊ. फोन तुम्ही करायचा." हे स्वयंपाकघरातून ओरडून नको. दोघंच कुठेतरी चालायला जा, तिथं सांगा. बायबलमधल्या मार्थेची, येशू घरी आला तेव्हा एकटी राबणाऱ्या त्या बाईची, गोष्ट तुम्ही माझ्याहून जास्त वेळा ऐकली असेल. प्रवचनांत बिचारीला नेहमी बोल लागतो. मला तिचं एक आवडतं: कामाच्या तारांबळीत ती दार लावून रडली नाही, तिनं येशूसमोर येऊन तोंडावर सांगितलं.

फोनवर काय बोलायचं, तेही लिहून देते, कारण अशा वेळी शब्दच सापडत नाहीत. यजमानांनी थोरल्या बहिणीला म्हणायचं, "ताई, नाताळला सगळे याच, आम्ही वाट बघतोय. यंदा जरा वाटून घेऊ. मटण-पोर्क आमच्याकडे, केक आणि गोडाचं तुझ्याकडे, गॅस, टँकर आणि मदतीच्या बाईंचे पैसे धाकट्याकडे. आणि फुगे तू करायचे, आईसारखे. २३ला सकाळी या, २८ला दुपारी जेवून निघा, कारण संध्याकाळी आम्ही चौघं नगरला निघतोय." बास. माफी मागायची नाही, हिशोब उगाळायचा नाही. 'किती पैसे देशील' असं विचारलं की नाती अवघडतात; 'केक तुझा' म्हटलं की माणूस आनंदानं विचारतो, कुठला आणू.

आपल्याकडे 'कधी येताय' विचारतात, 'कधी जाणार' विचारणं अशुभ मानतात. त्यामुळेच मुक्काम लांबतो. जायचा दिवस बोलावतानाच सांगून टाकला तर कुणाला वाईट वाटत नाही, तिकिटंही तशी काढता येतात.

पाण्याचं गांभीर्यानं घ्या. शहरी पाणीयोजनांत माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. २१ माणसांचे झाले २,८३५ लिटर, आणि तुमच्याकडे पाणी एक दिवसाआड. निम्म्यात भागवलं तरी टाकी पुरेलच असं नाही. टँकर आधी सांगून ठेवायचा आणि त्याच्या मागे लागायचं काम दिरांचं. सिलिंडर भरलेला एक जास्तीचा. झोपायला जागा कमी पडली तर एका कुटुंबानं रात्री शेजारच्या नातलगांकडे टेकावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि इंद्याल. तुम्ही ते २४ला का करता? पोर्तुगीज १५३४ ते १७३९ वसईत होते. शिरक्यात आणि लसणीत मांस मुरवायची रीत त्यांच्याकडून आली, आणि ती मुळात मांस टिकावं म्हणूनच. तेव्हा २१ला रात्री मसाला लावून ठेवा, २२ला शिजवा, पूर्ण गार करून फ्रिजमध्ये टाका. दोन दिवस मुरलं की चव चढते, हे तुम्हाला सांगायला नकोच. काढताना लागेल तेवढंच काढून कडकडीत गरम करायचं, अख्खं पातेलं पुन्हा पुन्हा नाही. हे काम २४च्या रात्री कोण करेल? जाऊबाई. मिस्सा संपल्यावर, सगळ्यांबरोबर घरी येऊन. इंद्याल गरम व्हायला अर्धा तास लागला तर २१ माणसं अर्धा तास गोठ्यापुढे बसून गाणी म्हणतील. मध्यरात्री जेवायला अर्ध्या तासाचा उशीर झाला म्हणून वसईत कुणाचं बिघडल्याचं मी ऐकलेलं नाही.

राहिली तुमची आई. मला वाटतं पत्र तुम्ही तिच्यासाठीच लिहिलंत, बाकीचं आधी आलं एवढंच. तिला वसईला आणावं असंही मनात आलं, पण ७६व्या वर्षी एवढा प्रवास, वर २ बाथरूमच्या घरात २१ माणसं. तिचे हाल होतील आणि तुमचा एक डोळा सारखा तिच्यावर राहील. त्यापेक्षा २८ला तुम्ही निघा. २५ तारीख यंदाही हुकेल, हे मी लपवत नाही. पण नाताळ एका रात्रीत संपत नाही. ३१च्या रात्रीची सरत्या वर्षाची उपासना आईच्या शेजारी बसून करा, १ तारखेला तिच्या मंडळीतल्या बायकांना भेटा. लेक, जावई, नातवंडं बरोबर घेऊन चर्चच्या आवारात उभं राहायला तिला २० वर्षांत मिळालेलं नाही. आणि पुढच्या वर्षी पाळीच्या वहीत लिहून ठेवा: २४-२५ आम्ही नगरला, घराची किल्ली धाकट्याकडे. घर तुमच्यावाचूनही उघडं राहतं, हे एकदा सगळ्यांनी पाहिलेलं बरं. तुम्हीसुद्धा.

एक छोटी गोष्ट. करंज्या यंदा नगरच्या पद्धतीनं करा आणि वसईच्या ताटात वाढा. २० वर्षं तुम्ही या घरची चव शिकलात, आता त्यांनी तुमच्या आईची एक चव खाऊन बघावी. सारण कसं करायचं ते आईलाच फोन करून विचारा, येत असलं तरी. आणि त्याच फोनवर तिला २८ तारीख सांगून टाका.