समोरच्याला कळलं पाहिजे

प्रिय डॉक्टर,

सिनिअर म्हणाले, "नातेवाईकांना एवढं सोपं करून सांगत बसलीस तर आपल्याला विचारणार कोण", आणि तू मला विचारतेस की त्यांचं बरोबर आहे का. अगं, हा काय प्रश्न झाला? समोरच्याला कळलं पाहिजे. बास.

तुझा गोंधळ समजतो मला, आपल्या धंद्यात हे दुखणं फार जुनं आहे. सतराव्या शतकात इंग्लंडात चेंबरलेन नावाचं प्रसूती करणारं घराणं होतं, अडलेलं मूल काढायचा चिमटा म्हणजे आपला फोर्सेप्स, तो त्यांनी शंभराहून जास्त वर्षं घरातच लपवला. म्हणतात की बाईच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचे आणि पेटीतून गुपचूप आणायचे. बाहेर बायका-मुलं मरत होती आणि यांचं नाव मोठं होत होतं. 1813 मध्ये त्यांच्या जुन्या घरात लाकडी जमिनीखाली ती अवजारं सापडली. आता चिमटे कोणी लपवत नाही, आपण शब्दांची पट्टी बांधतो. राऊंडला पेशंटच्या डोक्यावरून 'मेटास्टॅसिस', 'प्रोग्नोसिस गार्डेड' चाललेलं असतं आणि तो आपल्या तोंडाकडे बघत असतो. कळलं पाहिजे त्याला! शरीर त्याचं आहे.

एप्रन काढून टाक असं म्हणत नाहीये हां. तसा तोही आपला नाही, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे लॅबवाल्यांकडून उचलला, त्याआधी डॉक्टर काळे कपडे घालायचे. पण मी घालतो, आणि कोणी खांद्यावर हात टाकलेला मला चालत नाही, कारण रात्री तीनला पेशंट बिघडला की कोणाचं ऐकायचं ते वॉर्डला एका नजरेत दिसावं लागतं. लोक म्हणतात मग तुम्हीपण अंतर ठेवताच की. ठेवतो! अंतर ठेवूनही कळेल असं बोलता येतं, हे ज्यांना दिसत नाही त्यांच्याशी वाद घालून मी थकलो.

मला युनिट, म्हणजे हॉस्पिटलातल्या एका तुकडीचं प्रमुखपद, मिळालं नाही, "हा ओपीडीत गप्पा मारतो" म्हणून. वाईट वाटतं, अजून वाटतं, खोटं कशाला बोलू. पण कुठली गोळी कशासाठी ते माझा पेशंट सांगू शकतो, जा विचारून बघ.

सिनिअरशी भांडू नकोस, उगाच ड्युट्या लावतील. राऊंडला त्यांची भाषा बोल, नंतर एकटी परत बेडपाशी जा, समजावून सांग आणि पेशंटला म्हण, आता तुम्ही मला सांगा काय कळलं. त्याला नाही सांगता आलं तर सांगण्यात तू कमी पडलीस, परत सांग. आणि अक्षर सुधार, तुझं पत्र आत्ताच प्रिस्क्रिप्शनसारखं दिसायला लागलंय.