बूड पालथे करून पाहावे

(वाचकांनी विचारलेल्या कला व पुरातन वस्तूंविषयीच्या प्रश्नांना या सदरात उत्तरे दिली जातात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे चिनी मातीच्या भांड्यांविषयीच असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे जर्मनीला गेले असताना ड्रेस्डेन शहरातील चिनी मातीच्या भांड्यांचे संग्रहालय पाहिले. तेथे जवळजवळ माझ्या छातीपर्यंत येणारे निळे-पांढरे, झाकणाचे कलश आहेत. राजाने ते सैनिक देऊन घेतले, असे आमच्या वाटाड्याने सांगितले. ही दंतकथा समजावी काय? आणि एकाच घाटाची इतकी भांडी एका राजाला हवी तरी कशाला होती?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या वाटाड्याने सांगितले ते खरे आहे, आणि या व्यवहाराचे आकडेही उपलब्ध आहेत. ड्रेस्डेन ज्याची राजधानी होती त्या सॅक्सनी या जर्मन राज्याचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा) आणि पोलंडचा राजा ऑगस्टस, ज्याला त्याच्या अंगच्या ताकदीमुळे ‘बलवान’ म्हणत, त्याने १७१७ साली प्रशियाचा राजा फ्रीड्रिख विल्हेल्म पहिला याला आपल्या सैन्यातील ६०० स्वार दिले, तेही घोडे आणि शस्त्रे काढून घेऊन, आणि मोबदल्यात प्रशियाच्या ओरानियेनबुर्ग व शार्लोटेनबुर्ग या राजवाड्यांतील १५१ भांडी घेतली. त्या स्वारांची प्रशियात ‘ड्रॅगून’ (एका प्रकारच्या घोडदळाची) पलटण झाली, म्हणून आपण पाहिलेल्या कलशांना आजही ‘ड्रॅगून कलश’ म्हणतात. सौदा दोघांनाही फायद्याचा वाटला असला पाहिजे. फ्रीड्रिख विल्हेल्मला सैन्याखेरीज कशाचेच वेड नव्हते, आणि वडिलांनी हौसेने जमवलेली भांडी त्याच्या लेखी अडगळ होती. त्या ६०० जणांना मात्र कोणी विचारले नव्हते.

एकाच घाटाची इतकी भांडी कशाला, या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या मांडणीत आहे. आज आपण संग्रहालयात एकेक वस्तू वेगळ्या पेटीत, वेगळ्या उजेडात पाहतो. सतराव्या-अठराव्या शतकातील युरोपीय दरबारांना भांडे असे एकटे पाहायचेच नव्हते. शार्लोटेनबुर्गच्या राजवाड्यात १७०६ साली सजवलेल्या दालनात भिंतीभर आरसे लावून त्यांच्यासमोर कोनाड्यांवर, कंगोऱ्यांवर, खांबांवर छतापर्यंत भांडी चढवलेली होती, जेणेकरून शंभराची हजार दिसावीत. लिस्बनच्या सांतोस राजवाड्यात तर त्याआधीच एका लहान खोलीचे पिरॅमिडच्या आकाराचे छत आतून अडीचशेहून अधिक निळ्या-पांढऱ्या चिनी थाळ्यांनी मढवले होते. त्या थाळ्यांत कोणी जेवणार नव्हते. लिस्बनहून गोव्यामार्गे चीनमधील मकाव बंदरापर्यंत जाणारा समुद्रमार्ग कोणाच्या हातात आहे, हे पाहुण्याने मान वर करून वाचावे, एवढीच अपेक्षा होती. अशा मांडणीत जोड्या लागतात, संच लागतात, डाव्या भिंतीला उजव्या भिंतीचा तोल लागतो. म्हणून एकाच घाटाचे कलश.

ऑगस्टसने ही हौस टोकाला नेली. मृत्यूसमयी, म्हणजे १७३३ साली, त्याच्याकडे चीन, जपान आणि त्याच्या स्वतःच्या माइसेन कारखान्याची मिळून वीस हजारांहून अधिक भांडी होती. माइसेनचा कारखानाही याच वेडातून निघालेला आहे. सोने करून दाखवतो म्हणणाऱ्या ब्योटगर नावाच्या तरुणाला राजाने कोंडून ठेवले होते. सोने झाले नाही, पण १७०८ च्या सुमारास विद्वान चिर्नहाउसच्या साहाय्याने चालवलेल्या प्रयोगांतून चिनी पद्धतीची कठीण, पांढरी, अर्धपारदर्शक माती साधली आणि १७१० साली कारखाना उभा राहिला. या सगळ्या मालासाठी राजाने एल्ब नदीकाठी एक राजवाडा घेतला, पुढे त्याचे नाव ‘जपानी राजवाडा’ झाले, आणि त्याच्या छतावर सॅक्सनी व जपान आपापली भांडी घेऊन मिनर्व्हा या रोमन देवीसमोर वाद घालत आहेत व निकाल सॅक्सनीच्या बाजूने लागतो आहे, असे चित्र काढण्याची योजना होती. चीनची भांडी खाली आणि आपली वर, असा बेत. तो कधीच पुरा झाला नाही, आणि माझ्या मते बरेच झाले.

मात्र आपण पुन्हा गेलात तर कलशांच्या पोटावरील चित्रांइतकेच बुडाकडेही लक्ष द्यावे, असे मी सुचवीन. १७२१ पासून ऑगस्टसच्या संग्रहाची यादी करताना प्रत्येक भांड्याच्या बुडाशी झिलईत चाकाने कोरून क्रमांक घातला गेला आणि त्यात काळा रंग भरला गेला. क्रमांकापुढे एक खूण असे: निळ्या-पांढऱ्यासाठी नागमोडी रेघ, पांढऱ्यासाठी त्रिकोण, अशा. आज कुठल्याही देशात एखाद्या चिनी बशीच्या तळाशी असा क्रमांक सापडला की ती ड्रेस्डेनच्या यादीतून निसटलेली आहे हे कळते. १९१९-२० मध्ये तेथील ‘जास्तीची’ भांडी बर्लिनला लिलावात विकली गेली, त्यामुळे अशी भांडी जगभर आहेत. राजाची आवड चित्रांवरून कळते. भांड्याचा प्रवास मात्र बुडावरून कळतो.

इराणात याच खुणेचा अर्थ अगदी उलटा होता. शाह अब्बास पहिला याने १६११ साली आपल्या घराण्याचे मूळपुरुष शेख सफी यांच्या अर्दबील येथील दर्ग्याला ११६२ चिनी भांडी अर्पण केली. त्यांच्यासाठी दर्ग्यातील एका अष्टकोनी दालनाच्या भिंतींना गिलाव्याचे असंख्य कोनाडे करण्यात आले, त्यांतले कित्येक सुरई-कलशांच्याच आकाराचे कापलेले. प्रत्येक भांड्यावर एका छोट्या चौकटीत कोरले आहे की, अलीचा दास अब्बास याने हे शाह सफीच्या उंबरठ्याला वक्फ केले. ऑगस्टसचा क्रमांक म्हणतो, ‘हे माझे’. अब्बासची चौकट म्हणते, ‘हे आता माझे नाही’. कोरण्याची कृती मात्र तीच: काचेसारख्या कठीण झिलईवर, भांडे न तडकवता, एकेक अक्षर. यांतील बरीच भांडी १९३५ च्या सुमारास तेहरानच्या संग्रहालयात हलवली गेली. आपल्याकडे शाहजहाननेही काही चिनी थाळ्यांवर असेच आपले नाव कोरवून घेतले होते.

प्रश्न : हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात विष ओळखणारी चिनी थाळी पाहिली. विषारी अन्न वाढले की तिचा रंग बदलतो, असे ऐकले. यात कितपत तथ्य आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रासायनिक तथ्य काहीही नाही, परंतु समजूत जुनी आणि दूरवर पसरलेली आहे. ही भांडी फिकट हिरव्या रंगाची असतात आणि चीनच्या झेजियांग प्रांतातील लुंगच्वानच्या भट्ट्या त्यांच्यासाठी प्रसिद्ध होत्या. झिलईत थोडेसे लोह असते, आणि भट्टीत प्राणवायू कमी पडू दिला की ते हा हिरवा रंग देते. हजार अंशांच्या बऱ्याच वर तापून काचेसारखी झालेली ही झिलई कुठल्याही विषाला दाद देत नाही. तिची सारी उपयुक्तता कशातच न मिसळण्यात आहे.

तरीही इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात अशी हजाराहून अधिक भांडी आहेत. तेथील एकूण चिनी संग्रह दहा हजारांहून मोठा असून त्यातला काही भाग १५१४ मध्ये सुलतान सलीमने तब्रीज जिंकले तेव्हाच्या लुटीतून आलेला आहे. या हिरव्या भांड्यांना तुर्कीत ‘मेर्तेबानी’ म्हणत. ब्रह्मदेशातील मर्तबान बंदरातून ती पश्चिमेकडे येत, त्यावरून. हिंदीतील ‘मर्तबान’ शब्दही त्याच बंदराचा आहे. आपण मात्र ‘बरणी’वर राहिलो आणि तिच्या मातीला चिनी म्हणालो.

आता थोडे माझे मत. तोपकापीतील भांडी आज जेथे मांडली आहेत तो राजवाड्याचा मुदपाकखाना आहे, आणि ही भांडी मेजवान्यांत खरोखर वापरली जात. ज्या राजवाड्यात सुलतानाच्या ताटात विष पडण्याची भीती रोजची होती, तेथे आचारी-वाढप्यांना ‘थाळी बोलते’ असे वाटत राहणे हा स्वस्तातला पहारा होता. थाळी बोलत नव्हती. धाक बोलत होता.

प्रश्न : आमच्या घरात पणजोबांच्या वेळची निळ्या नक्षीची एक बशी आहे. तिच्या तळाशी दोन वर्तुळांत सहा चिनी अक्षरे आहेत. मोबाइलवर भाषांतर केले तर ‘महान मिंग, छंगह्वा काळात घडवलेले’ असे येते. ती पाचशे वर्षांची समजायची का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भाषांतर बरोबर आहे, पण अक्षरांवर विसंबू नये. छंगह्वा सम्राटाची कारकीर्द १४६५ ते १४८७ ची, आणि त्याच्या काळची नाजूक भांडी पुढे इतकी नावाजली की नंतरच्या कुंभारांनी त्याचे नाव शतकानुशतके घातले. यात दरवेळी फसवणूक नव्हती. जुन्या काळाला मान देणे हा हेतू असे, आणि कधी सरकारी मनाईही कारण होई: १६७७ साली जिंगदेजन या चिनी भांड्यांच्या मुख्य केंद्रातील स्थानिक अधिकाऱ्याने चालू सम्राट खांगशी याचे नाव भांड्यांवर घालण्यास बंदी केली, कारण भांडे फुटून नाव उकिरड्यावर गेले तर तो अपमान ठरे. मग कुंभारांनी कधी जुन्या सम्राटाचे नाव घातले, कधी एखाद्या झाडाचे पान काढले, आणि कधी दोन वर्तुळे काढून आत काहीच लिहिले नाही. ही मोकळी वर्तुळे त्या काळच्या भांड्यांवर पुष्कळ दिसतात.

तेव्हा आपण बशी पालथी करून अक्षरांऐवजी बुडाची कडा पाहावी: झिलई नसलेली ती गोल कड, जिच्यावर बशी भट्टीत उभी होती. तिचा रंग, बारीकपणा, चिकटलेली वाळू, झिलई जेथे संपते तेथील तांबूस रेघ, यांवरून जाणकार बरेच सांगू शकतो. छायाचित्रावरून मात्र मी काही सांगणार नाही. ती कडा घासून पांढरी करू नये, एवढी विनंती. मुंबईला येणे झाले तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन टाटा व दोराब टाटा यांनी दिलेल्या संग्रहातील चिनी भांडी पाहावीत आणि मग घरची बशी पुन्हा हातात घ्यावी. बडोद्याच्या संग्रहालयातही सयाजीराव महाराजांच्या हौसेतून उभे राहिलेले चीन-जपानचे दालन आहे. तोपर्यंत बशीत लोणचे वाढायला माझी हरकत नाही, फक्त ती भिंतीवर खिळ्याने टांगू नये.