सेंट्रल एसी घ्यावा की खोलीगणिक स्प्लिट?

प्रश्न : नागपूरला आमच्या दुमजली घराचे बांधकाम चालू आहे. स्लॅब पडले आहेत, प्लॅस्टर व्हायचे आहे. खाली दिवाणखाना व जेवणाची जागा सलग असून शेजारी सासू-सासऱ्यांची खोली आहे. वर तीन बेडरूम आहेत. इंटिरियर डिझायनर फॉल्स सीलिंगमधून डक्ट (हवा वाहून नेणारे रुंद नळ) फिरवून सगळ्या घराला सेंट्रल एसी बसवायला सांगतात आणि अमेरिकेत राहणारे माझे दीरही तेच सुचवतात. इलेक्ट्रिशियन मात्र प्रत्येक खोलीत स्प्लिट एसी घ्या म्हणतात. सासऱ्यांना फार गारवा सोसत नाही. आम्ही काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या दिरांचा सल्ला त्यांच्या घरापुरता योग्य आहे. अमेरिकेतील बहुसंख्य घरांत हिवाळ्यात गरम हवा खेळवण्यासाठी डक्ट आधीपासूनच असतात, आणि उन्हाळ्यात त्याच डक्टमधून थंड हवा सोडली की काम भागते. नागपूरच्या घराला असे डक्ट केवळ थंडाव्यासाठी नव्याने बांधावे लागतील. त्यासाठी छताखालची फूट-दीड फूट उंची जाईल, आणि वाटेत बीम आडवा आला तर त्याला भोक पाडण्याचा मोह होईल. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी संमतीवाचून ते कुणालाही करू देऊ नका.

माझ्या मते निर्णय घेताना एकच गोष्ट पाहावी : कोणत्या खोल्या एकाच वेळी वापरात असतात? आपल्याकडे दुपारी खालचा मजला आणि रात्री बेडरूम वापरात असणार. दीड टनाचा इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) स्प्लिट पूर्ण भारावर साधारण दीड किलोवॉट वीज घेतो आणि खोली गार झाली की त्याहून बरीच कमी. साडेपाच टनांच्या डक्टेबल, म्हणजे डक्टमधून हवा सोडणाऱ्या, यंत्राला पूर्ण भारावर सुमारे सहा किलोवॉट लागतात, शिवाय खोलीगणिक हवा रोखणारे डॅम्पर आणि तापमान राखणारे वेगळे थर्मोस्टॅट बसवले नसतील तर रिकाम्या खोल्याही गार होत राहतात. वापर वाढतो तसा घरगुती विजेचा युनिटचा दरही चढतो, म्हणून हा फरक बिलात ठळक दिसतो. त्यातच डक्ट तापलेल्या स्लॅबखालून जाणार. इन्सुलेशन कच्चे असेल किंवा सांधे सैल असतील, तर थंडावा खोलीत पोहोचण्याआधीच वाया जाईल. सासऱ्यांच्या खोलीत 27 आणि मुलांच्या खोलीत 24 अंश ठेवणेही स्प्लिटमध्ये सहज साधते.

म्हणून चारही बेडरूमना स्वतंत्र स्प्लिट घ्यावेत. एका आउटडोअर युनिटवर अनेक खोल्या चालवणारा मल्टिस्प्लिट बाहेर जागा नसलेल्या फ्लॅटला सोयीचा आहे; आपल्याकडे गच्ची आहे, आणि ते एकच आउटडोअर ऐन मे महिन्यात बंद पडले तर सगळे घर तापेल.

दिवाणखान्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे माणसे एकत्र बसतात, जागा मोठी व सलग आहे, म्हणून फक्त तेवढ्या भागाला छोटे डक्टेबल युनिट शोभेल. मात्र विदर्भातला एप्रिल-मे कोरडा असतो आणि त्या दिवसांत खिडकी उघडी ठेवून चालवलेला कूलर मोठ्या हॉलला फार कमी विजेत सुखद गारवा देतो, हे आपण नागपूरकर जाणताच. जूनमध्ये हवा दमट झाली की तो निरुपयोगी ठरतो. एसीची खरी गरज तेव्हा लागते. दोन्ही एकाच वेळी चालवू नयेत, कारण कूलरने हवेत सोडलेली वाफ काढण्यातच एसीची शक्ती खर्च होते.

डक्टच्या बाजूने एक मुद्दा मला वजनदार वाटतो. त्यात बाहेरची ताजी हवा गाळून आत घेण्याची सोय करता येते, तर साधा स्प्लिट खोलीतलीच हवा फिरवत राहतो. त्यामुळे बेडरूमना छोटा एक्झॉस्ट फॅन ठेवावा किंवा रात्री खिडकीची फट उघडी ठेवावी, विशेषतः ज्येष्ठांच्या खोलीत.

किती टनांचा एसी हवा हे केवळ चौरस फुटांवरून ठरवू नका. एसीची क्षमता बाहेर 35 अंश तापमान धरून मोजलेली असते. नागपूरचा पारा 45 च्या आसपास गेला की तेच यंत्र कमी थंडावा देते. वरच्या खोल्यांवर तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो. आधी गच्चीवर उष्णतारोधक थर आणि पांढरा लेप करून घ्यावा, मगच टनेज ठरवावे. आउटडोअर युनिट पश्चिमेच्या उन्हात किंवा जाळीच्या बंद कोनाड्यात नको. त्याने फेकलेली गरम हवा त्यालाच परत मिळते.

प्लॅस्टर व्हायचे आहे ही मोठी सोय आहे. आतले व बाहेरचे युनिट जोडणारे तांब्याचे दोन पाइप आणि पाण्याचा ड्रेन आत्ताच भिंतीतून न्या. भिंतीच्या आत पाइपला जोड नसावा, दोन्ही पाइपना वेगवेगळे इन्सुलेशन असावे, ड्रेनला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार असावा. पाइपमध्ये नायट्रोजन भरून 24 तास दाब टिकतो का हे स्वतः उभे राहून पाहा, ड्रेनमध्ये बादलीभर पाणी ओता, आणि त्यानंतरच गवंड्याला भिंत बुजवू द्या.