ट्रॉमा सर्जन मिळतो, पण नस्ती अडते

ट्रॉमा सर्जनच्या, म्हणजे अपघातातल्या गंभीर जखमींवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या पदासाठी आपल्या महाविद्यालयाने दोनदा जाहिरात दिली, थेट मुलाखतीला एकच उमेदवार आला आणि निवड होऊनही तो रुजू झाला नाही, हे वाचून आमच्या विभागातले दिवस आठवले. किनाऱ्यावरच्याच एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मी शल्यचिकित्सा विभाग सांभाळला आहे. बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम), मागणीपत्र वगैरे आपणांस ठाऊक असणारच, म्हणून त्यात शिरत नाही.

आमचा घात पगाराने केला नाही आणि आडबाजूच्या गावानेही केला नाही. आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, पद होते 'सहायक प्राध्यापक, शल्यचिकित्सा' आणि निवडलेल्या डॉक्टरांकडे एमएसच्या वर ट्रॉमा सर्जरी व क्रिटिकल केअरमधली एमसीएच, म्हणजे एमएसनंतरची अतिविशेष पदवी, होती. दिल्लीच्या एम्ससारख्या मोजक्याच संस्थांत हा अभ्यासक्रम चालतो. तो पूर्ण केलेला माणूस कोकणात यायला तयार होतो, हेच अप्रूप. अध्यापकपदासाठी लागणारी जनरल सर्जरीतली एमएस आणि त्यानंतरची वर्षभराची सीनियर रेसिडेन्सी त्यांनी केलेली होती. तरीही पडताळणी करणाऱ्या कार्यालयाने 'पदवी व पदाचा विषय जुळत नाही, खुलासा करावा' असा शेरा मारून नस्ती (फाइल) परत पाठवली. खुलासा गेला, तेव्हा समकक्षतेचे प्रमाणपत्र मागितले. ते कोणी द्यायचे, हे मात्र त्या कार्यालयातल्या कोणालाच सांगता येईना. जास्तीची पदवी हा दोष कसा, असे मी तोंडी आणि लेखी विचारले, आणि उत्तर म्हणून तोच शेरा नव्या तारखेने आला. तोवर डॉक्टर परराज्यात रुजू झाले होते.

म्हणून जाहिरातीतच 'एमएस (जनरल सर्जरी) आवश्यक, ट्रॉमामधील एमसीएच असल्यास प्राधान्य' असे लिहा आणि छाननी समितीच्या इतिवृत्तात 'उमेदवार एमएसच्या आधारे पात्र' हे वाक्य सर्वांच्या सह्यांनिशी घ्या. मी कायद्याचा जाणकार नव्हे, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम बदलत असतात. ताजी अधिसूचना पाहूनच मसुदा करा.

दुसरे माझे मत आहे, पटले तर घ्या. एकटा ट्रॉमा सर्जन आणून ट्रॉमा विभाग उभा राहत नाही. महामार्ग ६६ वरचे अपघात, चिरेखाणीतल्या दुखापती, आंबे उतरवताना झाडावरून पडलेले मजूर असे रुग्ण आपल्याकडे रोजचेच, आणि त्यांतले बरेच आजही कोल्हापूरला किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात रवाना होतात. चांगला उमेदवार मुलाखतीत उलट आपल्यालाच विचारतो: रात्री दोनला प्लीहा फाटलेला रुग्ण आला तर भूल कोण देणार, रक्तपेढीतून ओ निगेटिव्ह पिशवी किती वेळात हाती येईल, सीटी चालू असेल का? आमच्या एका अधिष्ठात्यांनी यावर 'व्यवस्था करू' असे उत्तर दिले आणि उमेदवाराने वही मिटली. त्यापेक्षा त्याला मुलाखतीच्या आदल्या रात्री अपघात विभागात घेऊन जा आणि जे आहे ते दाखवा. तो अध्यापक म्हणून येत असेल, तर पदव्युत्तर विद्यार्थी आणि जखमींच्या नोंदी ठेवायला एक माणूस मिळेल की नाही, तेही तिथेच सांगून टाका. जोडीदार डॉक्टर असेल तर त्याच महाविद्यालयातल्या रिक्त पदांची यादी सोबत ठेवा. निवासस्थानाची चावी नियुक्तिपत्राबरोबर देता आली, तर उत्तमच.